जात्याचा वरचा दगड

उकंडराव खुर्ची घरून घेऊन आले. साखऱ्याहून आमच्या हट्ट्यापर्यंत, दोन एसट्या बदलून, मांडीवर लाल प्लास्टिकची खुर्ची. कंडक्टर म्हणाला, आजोबा, खुर्चीचं तिकीट पडंल. तर म्हणे, "ती माझ्यावर बसलेली हाय, म्या तिच्यावर न्हाई. तिलाच इचार." हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं, म्हणजे आमच्या वन्संनी, गंगूताईनं. वन्सं दोन सीट मागं, पदर नाकापर्यंत ओढून, अनोळखी बाईसारख्या बसल्या होत्या.

ती खुर्ची त्यांनी आमच्या शेतात टाकली असती तर मग काय पाहिजे होतं! आमच्या जुन्या आखाड्यासमोरून, म्हणजे शेतातल्या पडक्या गोठ्या-खळ्यासमोरून, वसमतचा रस्ता जातो. त्या रस्त्याच्या कडेला, डांबरावर, खुर्चीचे चारी पाय नीट बघून टेकवले अन् बसले. रस्ता सरकारचा, शेत आमचं. आणि जात्याचा वरचा दगड सापडल्याशिवाय आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, आमच्या घरचा घोट प्यायचा नाही, ही त्यांची शपथ. बावन्न वर्षांची. माझी सासू मोतीबाई जाऊन तीस वर्षं झाली, माझे मालक संतराम जाऊन नऊ. माणसं गेली, शपथ टणक. असा जावई दुसऱ्या कुण्या घराला मिळाला असंल तर मी त्या घरच्या बाईला भेटायला जाईन. दोघी मिळून रडू.

"मामा, निदान लिंबाखाली तरी या," माझा विश्वंभर रस्त्यावर जाऊन म्हणाला. पन्नाशीचं पोरगं, पण आत्याच्या नवऱ्यापुढं अजून हात बांधून उभं राहतं. "ऊन बघा किती पडून राहिलं."

"लिंब कोणाचा?"

"आपलाच की."

"मंग त्याची सावली कोणाची?"

विश्वंभर परत आला. दुपार कलली तशी लिंबाची सावली आपली आपणच सरकत रस्त्यावर गेली, तर उकंडरावांनी उठून खुर्ची उन्हात ओढली. सावलीनं त्यांना तीनदा गाठलं, तीनदा ते सुटले.

त्यात अधिक महिना. गावातले झाडून सगळे जावई सासरी बसून तुपातले धोंडे हाणून राहिले, अन् आमचा जावई डांबरावर बसून पिशवीतले फुटाणे. रात्री झोपायला मारुतीच्या देवळात गेले. देव सगळ्यांचा असतो म्हणे.

आले कशाला, तर माझी नात आरोही हिनं फोन केला म्हणून. ती विश्वंभरची मोठी. विद्यापीठात पुरातत्त्व शिकते. आम्हाला वाटलं होतं नर्सिंग करंल. पण तिला सर भेटले पुष्कर नावाचे, आणि या सरांना राजवाडे नको, किल्ले नको, शेतकऱ्यांचे पडके आखाडे खोदायचा नाद. "राजांनी काय खाल्लं ते लिहून ठेवलंय, आजी. ज्यांनी पिकवलं त्यांनी काय खाल्लं ते कुणीच लिहिलं नाही," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. बोलणं चांगलं आहे. मी म्हणाले, "त्याला खोदायचं कशाला? मला इचारा. भाकर अन् ठेचा." ते हसले अन् वहीत लिहून घेतलं. मला वाटलं झालं, जातील. पण दुसऱ्या दिवशी चार पोरंपोरी, दोऱ्या, खुंट्या अन् दात घासायचे ब्रश घेऊन आले.

आरोहीनं साखऱ्याला फोन केला, की उकंडआबा, तुम्हाला जुना आखाडा आठवत असेल, आम्ही खोदणार आहोत. त्यांनी एवढंच विचारलं, "पुरा?"

"पुरा, आबा."

"मंग दगड निघंल. म्या येतो."

दगड निघणार हे मला त्यांच्यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. कारण तो पुरला होता मी. मी अन् वन्संनी.

तेव्हा मी सतरा वर्षांची, लग्नाला चार महिने. सुगीच्या दिवसांत सगळं घर आखाड्यावरच राहायचं. गोठा, खळं, चूल, ज्वारीचं पेव, सगळं तिथंच. पहाटे आधी कोंबडा आरवायचा, मग सासू. खळ्यावरच्या चौदा माणसांचं दळण मी एकटीनं ओढायचं. वन्सं बाळंतपणानंतर माहेराला आल्या, तर त्यांनाही सासूनं जात्याला जुंपलं. "माहेरी येऊन पोरीचे हात मऊ पडतात," म्हणाली. हट्ट्यात तेव्हा नवी गिरणी लागली होती. पण मोतीबाईच्या घरचं पीठ गिरणीत जाईल? तिच्या मते गिरणीचं पीठ खाऊन माणूस आळशी होतो. आम्हाला आळशी व्हायचंच होतं. वन्सं माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. एका दुपारी सासू बाजाराला गेली, गडी खळ्यावर होते, अन् वन्सं म्हणाल्या, "वैनी, जात्याला दोन दगड लागतात ना? एक न्हाई राहिला तर?"

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, पण हे गणित मला लगेच सुटलं.

बैल जिथं तोंड घालून कडबा खायचे त्या गव्हाणीखालची माती भुसभुशीत होती. तिथं पुरला. संध्याकाळच्या एसटीनं वन्सं नवऱ्यासोबत साखऱ्याला गेल्या, ज्वारीचं एक पोतं भेट म्हणून घेऊन. पहाटे सासू उठली. जात्याला वरचा दगड नाही.

आमची अटकळ अशी, की सासू म्हणंल चोर आला. पण जायच्या आदल्या रात्री जेवताना उकंडराव बिचारे मोठ्या मनानं बोलून गेले होते, "मामी, असा दगड आमच्या साखऱ्यात न्हाई." झालं. सासूनं साखऱ्याला माणूस धाडला. त्यानं उकंडरावांच्या दारात, साऱ्या गावासमोर, आम्हीच दिलेलं पोतं ओतून पाहिलं. ज्वारीच निघाली. "मंग वाटंत उतरवला असंल," सासू म्हणाली.

मी तेव्हाच बोलले असते. पण तेव्हा सासू मोतीबाई होती. नंतर बोलले असते, तर पोरं झाली होती. त्याच्याही नंतर बोलले असते, पण तोवर मीच सासू झाले होते, अन् सासूनं कबूल करायची रीत आमच्यात नाही.

*

"वैनी, निघंल का हो?" वन्संनी लिंबाखाली बसल्या बसल्या हळूच विचारलं. त्या माझ्याकडं येतात जातात, शपथ त्यांची नाही. उकंडराव रस्त्यावरून आमच्याकडंच बघत होते.

"दगड हाय तो, वन्सं. साखर न्हाई इरघळायला."

"मंग या मास्तरला दुसरीकडं धाडा की. ह्यांना कळलं ना, म्या जित्ती राहत न्हाई. पोतं ओतलं तव्हा म्या ह्यांच्या शेजारी उभी होते. म्या तव्हा काय बोलले ठावं हाय का?"

"काय?"

"न्हाई सांगत."

तेवढ्यात पुष्कर सरच वही घेऊन आले. डोक्याला टोपी, नाकाला पांढरी मलई. "आजी, या आखाड्यात एखादी विशेष जागा आठवते का? जिथं काही वेगळं घडायचं?"

"आठवती की," मी म्हणाले. "त्या तिकडं, उत्तरंच्या कोपऱ्यात. तिथं पूर्वी रोज दिवा लावायचे." गव्हाण दक्षिणेला.

सरांचे डोळे चमकले. मी इथंच थांबले असते, पण वन्संना थांबायचं कळत नाही. "अन् नाग निघायचा," त्या म्हणाल्या. "सोन्याचं कडं घातलेला."

सर लिहीत गेले. मी वन्संच्या कानात म्हणाले, "नागाला कडं कुठं घालतात?"

"गळ्यात."

"वन्सं, नागाला सगळा गळाच असतो."

दीड दिवस त्यांनी उत्तरेचा कोपरा खोदला. नाग नाही, दिवा नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आवाज दिला अन् सगळे पळाले. मातीत अकरा बाटल्या उभ्या होत्या. ओळीनं, तोंड वर, बुचं घट्ट, दोन बाटल्यांत सारखं अंतर. माझ्या मालकाला उभ्या जन्मात एका धोतराची नीट घडी घालता आली नाही, आणि ही ओळ बघा. रात्री बैलांची राखण करायला आखाड्यावर झोपतो म्हणायचे. मी भाकरी बांधून द्यायचे. वर कांदा.

आता विश्वंभरच्या मनात काय आलं ते त्यानं सांगायची गरज नाही, त्याचं डोकं मीच जन्माला घातलंय. त्याला बापाची लाज राखायची होती, अन् सरांसमोर तर जास्तच.

"औषधाच्या असाव्यात का या?" सरांनी विचारलं.

"व्हय सर, औषधच. बैलाचं," विश्वंभर म्हणाला. "पोट फुगलं की पाजायचे."

"अकरा बाटल्या? बैल किती होते?"

"दोन."

"तीन," मी म्हणाले. "तिसरा मला आत्ता कळला."

घरी जाऊन मालकाच्या फोटोचा हार तसाच ठेवला. अगरबत्ती मात्र बंद केली.

परत आले तर आरोहीनं दोऱ्या उपटून दक्षिणेला ठोकायला घेतल्या होत्या. आरोहीचं नाक माझं, हट्ट माझा. शाळा तेवढी तिची स्वतःची. तिनं दोन दिवसांत एवढंच पाहिलं होतं, की आजी सगळीकडं बोट दाखवते, गव्हाणीकडं तिची मान पण वळत नाही.

"आजी, इथं काय आहे?"

"शेण."

"आणि त्याच्याखाली?"

"जुनं शेण."

"बघू," ती म्हणाली अन् ब्रश घेऊन बसली. माझ्याच रक्तानं माझ्याशी असं वागावं!

*

दुपारी तीनच्या सुमाराला दगड निघाला.

वन्संनी माझा दंड धरला. नखं रुतली. खड्ड्यात सर गुडघ्यावर बसले होते अन् देवळात बोलावं तसं हळू बोलत होते. "सावकाश. कुणी हात लावू नका. जात्याचा वरचा दगड आहे, आणि पालथा ठेवलाय. मुद्दाम पालथा. खाली तागाच्या कापडाचे धागे. भोवती हिरव्या काचेच्या बांगड्या. तुकडे किती, आरोही?"

"सात, सर."

"सात!" सरांनी टोपी काढली. "कळलं का तुम्हाला? सात! साती आसरा! गोठ्याच्या गाभ्यात, गव्हाणीखाली, धान्य दळणारा दगड पालथा करून सात बांगड्यांसकट जमिनीला अर्पण केलाय. हा विधी आहे. जनावरांची भरभराट, धान्याची भरभराट. तीनशे वर्षं तरी जुना."

"पण सर, काच एवढी जुनी वाटत नाही—"

"आरोही, समोर विधी असताना काचेचं काय घेऊन बसतेस?"

"निघाला का?" रस्त्यावरून आरोळी आली. उकंडराव खुर्चीवरून अर्धे उठले होते. "ए मास्तर! माझा दगड निघाला का?"

सर भला माणूस. स्वतः रस्त्यापर्यंत गेले. "आजोबा, दगड निघालाय, पण तो तुमचा नाही. हा फार जुना आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा."

उकंडरावांनी बोटं मोजली. "म्या सत्त्याहत्तरचा."

"हो. म्हणजे हा वेगळा."

"म्हणजे माझा अजून निघालाच न्हाई?"

"नाही, आजोबा."

"म्हणजे म्या अजून चोरच?"

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तसं समजा," आणि परत आले.

"सुटलो वैनी," वन्सं म्हणाल्या. "शिकलेल्या माणसानं सांगितलं. आता कोण बोलणार?"

मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू? खोटं आधीच पुष्कळ झालं होतं.

पण आमच्या घरात एक कोमल आहे. विश्वंभरची बायको. तिच्या देव्हाऱ्यात एवढे देव आहेत की त्यांच्यात भांडणं होत असतील. साती आसरा हे शब्द तिच्या कानावर पडले अन् ती घराकडं पळाली. पाच मिनिटांत हळद-कुंकू, नारळ, खण घेऊन परत. सर "अहो, थांबा, फोटो व्हायचेत" म्हणेपर्यंत दगडाला कुंकवाचे पाच पट्टे ओढून झाले होते. तिच्यामागून गावातल्या बाया आल्या. एकीनं दगडाला साडीचोळी बोलली, दुसरीनं सुनेला दिवस जाऊ दे म्हणून. कोणी तरी म्हणालं, "जातूमाय!" अन् नाव पडलं. नाव पडायला आपल्याकडं वेळ लागत नाही.

विश्वंभर बाजूला उभा राहून रस्त्याकडं बघत होता. त्याला तिथं देऊळ दिसत होतं. देवळापुढं पत्र्याचं शेड, शेडपुढं गाड्या लावायला जागा, कडेला आमच्या हळदीचं दुकान. पाट्या पण रंगवून झाल्या होत्या. मला त्याच्या ओठांवरून कळत होतं, त्याचं "जातूमाता हळद भांडार" चाललं होतं.

"वैनी, देवी झाली तर बरंच की," वन्सं म्हणाल्या. "आपण नवरात्रात ओटी भरू."

तेवढ्यात रस्त्यावर उकंडराव उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली. टोपीखालचं कपाळ कोवळं, गोरं, लेकराचं असावं तसं. त्यांनी डांबरावरूनच त्या दगडाला हात जोडले. कानानं कमी ऐकतात, म्हणून देवाशीही मोठ्यानं बोलतात.

"माय! तू तीनशे वर्सं इथंच जमिनीत हायेस. तुला समदं दिसलं असंल. तो दगड कोणी नेला? सांग एकदा. पोराच्या लग्नात लोकं म्हणले, जावयाचं पोतं तपासा. नातीच्या बारशात म्हणले. मला पैका नको, मान नको, धोंडे बी नको. म्या मरायच्या आत एवढं सांग, का म्या न्हाई नेला."

आणि तो दगड, ज्याच्यापायी हा माणूस बावन्न वर्षं चोर ठरला, त्याच दगडापुढं त्यानं डांबरावर डोकं टेकवलं. उन्हात तापलेल्या डांबरावर.

मी उठले. वन्संनी पदर ओढला. "वैनी, बसा. बसा हो!"

"सोडा."

"तुमाला माझी शपथ हाय!"

"एका शपथंनं काय झालं ते बघून राहिलो ना आपण?"

*

मी खड्ड्याच्या काठावर गेले. "कोमल, कुंकू पूस."

"अहो बाई, देवीचं कुंकू—"

"देवी न्हाई ती. मोतीबाईच्या जात्याचा वरचा दगड हाय. सतरा वर्सांची असताना म्या पुरला. जावईबापू, उठा. डांबर चटकं देतंय. दगड तुमी न्हाई नेला, म्या पुरला."

बायांच्या हातातले नारळ तसेच राहिले. उकंडराव उठले, पण त्यांना बहुतेक ऐकू आलं नव्हतं. ते कानाला हात लावून उभे.

सर माझ्याजवळ आले, मऊ आवाजात म्हणाले, "आजी, तुमची भावना समजते. नातेवाईकांसाठी माणूस खूप काही बोलतो. पण इथं विधीच्या स्पष्ट खुणा आहेत. दगड पालथा आहे."

"जड होता. पडला तसा राहू दिला."

"तागाचं वस्त्र..."

"बारदान. घसरू नये म्हणून धरलं होतं."

"आणि या बांगड्या?"

"चार माझ्या. दगड सोडताना फुटल्या. सासूला सांगितलं, बैलानं शिंग मारलं."

सरांनी वहीत बघितलं. मग डोळे बारीक केले. माणूस भोळा असला तरी मोजणं सोडत नाही. "चार तुमच्या. पण तुकडे सात आहेत. उरलेले तीन?"

मी वन्संकडं बघितलं नाही. "ते बी माझेच."

"हा दगड पंचवीस किलोचा तरी आहे. तुम्ही तेव्हा सतरा वर्षांच्या. एकटीनं उचलला?"

"एकटीनं."

"इथून, जात्यापासून, गव्हाणीपर्यंत?"

"तव्हा आमी भाकर खात होतो, बिस्कुटं न्हाई."

बायांमध्ये कुजबूज झाली. "अगं बाई, एकटीनं?" "चतुराबाई म्हणजे काय, वाघीण!" "सतरा वर्षांची पोर अन् एवढा दगड!" आरोही तर माझ्याकडं अशी बघत होती की जशी मीच उत्खननात सापडले. मी जरा पदर सारखा केला. खोटं सांगत नाही, मला बरं वाटत होतं.

आणि हेच वन्संना सहन झालं नाही. पकडले जाण्याच्या भीतीनं ज्या बाईचा दोन दिवस घास गिळत नव्हता, ती ताडकन उठली.

"एकटीनं? हिनं? हिला रिकामी घागर उचलत नव्हती! आडाच्या काठावर बसून रडायची! अर्धा दगड म्या धरला होता! अन् जड बाजू माझ्याकडं होती!"

"गोल दगडाला जड बाजू कोणती, वन्सं?"

"माझ्याकडची! अन् युक्ती बी माझी! हिला दुसरी पास व्हायला दोन वर्सं लागली, हिला युक्ती सुचंल? तीन बांगड्या माझ्या हायेत मास्तर, लिहा, गंगूताईच्या! नाव लिहा!"

मग त्यांनी आपलं आपणच ऐकलं. हात तोंडावर गेला. पण तोंडातून निघायचं ते निघून गेलं होतं, अन् ते रस्त्यापर्यंत पोचायला काही अडचण नव्हती. वन्सं साखऱ्यात ओरडल्या तर सेनगावात ऐकू येतं.

उकंडरावांनी टोपी झटकली. घातली. खुर्ची उचलली. नाली ओलांडली अन् आमच्या शेतात पाय ठेवला, बावन्न वर्षांनी. ते सरळ आले, वन्संच्या अंगावरून वारं जावं तसे गेले, अन् खुर्ची माझ्यासमोर टेकवून बसले.

"वैनी."

"बोला जावईबापू." मी डोक्यावरचा पदर सावरला. "चूक झाली आमची. तुमाला लई तकलीफ दिली. काय शिक्षा द्यायची ती द्या."

"तुमाला काय शिक्षा? तुमी सासुरवाशीण, सतरा वर्सांच्या. तुमच्या जागी म्या असतो तर दोन्ही दगड पुरले असते." त्यांनी वन्संकडं न बघता तिकडं बोट केलं. "पण ही. पोतं ओतलं तव्हा ही माझ्या शेजारी उभी होती. कंबरंवर हात ठिवून. अन् काय म्हणली, ठावं हाय का? म्हणली, 'बघा, माझ्या मायला जराबी लाज न्हाई.' बावन्न वर्सं म्या हिला म्हणतो, गंगे, एक तूच माझ्यावर इस्वास ठिवलास."

वन्सं पुटपुटल्या, "ठिवलाच होता. मला तर ठावंच होतं ना, का तुमी न्हाई नेला."

आता हसावं की रडावं? कोमल आधी हसली. मग बाया. सर हसले नाहीत, त्यांची तीनशे वर्षं गेली होती.

"तर वैनी," उकंडराव म्हणाले, "आजपासून म्या हिच्या हातचं पाणी पिणार न्हाई. हिच्या चुलीपाशी पाय ठिवणार न्हाई. तुमी वाढा. भूक लागली हाय."

विश्वंभरनं मामाच्या पायावर पाणी घातलं. कोमलनं ताट केलं. बावन्न वर्षांत अधिक महिने किती येऊन गेले ते मला मोजता येत नाही, पण उकंडरावांनी ते सगळे त्याच बैठकीत वसूल केले. सव्वीस धोंडे. तूप वेगळं. वन्सं चुलीच्या आड बसून ऐकत होत्या, अन् प्रत्येक धोंड्याला म्हणत होत्या, "माझ्या हातचे तर सहाच खातात."

लिंबाखाली आरोही एका पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहीत बसली. दगडाला बांधायची चिठ्ठी. सर शेजारी, नाकावरची मलई पुसून, उदास. "विधी नाही तर मग पुरण्याचं कारण काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"आजी, काय लिहू?"

"झोप," मी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच म्हणतीस? तू पहाटं चारला उठून चौदा माणसांचं दळ, अन् मंग म्हण एवढंच."

तिनं लिहिलं. सरांनी वाचलं अन् चिठ्ठी स्वतःच्या हातानं दगडाला बांधली.

*

याला आता बावीस दिवस झाले. सर अन् पोरं कधीच गेली. अधिक महिनाही संपला. उकंडराव आमच्या ओसरीवर आहेत.

सकाळी त्यांना म्हशीचं दूध लागतं, गायीचं चालत नाही. दहाला भाकर, पण चुलीवरची. गॅसवरची त्यांना वास मारते. दुपारी झोपतात तेव्हा घरात कोणी भांडं वाजवायचं नाही. जावई, बोलणार कोण? कानानं कमी, म्हणून टीव्ही असा लावतात की बातम्या शेजारच्यांना फुकट मिळतात. कोमलनं परवा वरणात मीठ जरा जास्त टाकलं, तर ताट सरकवून म्हणाले, "मोतीमामीच्या वक्ताला असं न्हवतं." या माणसाला आमच्या सासूची आठवण यावी!

वन्संना मी फोन केला, की या, नवऱ्याला न्या, दोन शब्द गोड बोला. तर म्हणाल्या, "म्या काहून? चुकी म्या कबूल केली ना चारचौघांत? तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात केली. आता येतील आपल्या पायानं. न्हाई आले तर तुमच्याकडंच ठिवा. इथं मी आता पहाटं सातला उठते."

काल संध्याकाळी मी अंगणात शेंगा निवडत होते. विश्वंभर आला, ओसरीकडं एक नजर टाकली, तिथं टीव्ही गरजत होता. मग माझ्याजवळ उकिडवा बसला. बराच वेळ शेंगा फोडत राहिला. मग कानाशी येऊन, अगदी हळू, म्हणाला,

"माय, तो दगड पुन्हा पुरला तर मामा जातील का गं?"